पाव्हणं कुठलं?

गाव सोडून शहरात संसार मांडणाऱ्या माणसाला लोक नाना प्रश्न विचारतात. नोकरी कुठे, पगार किती, खोलीला भाडे किती, नळाला पाणी किती वाजता येते. आम्हालाही हे सगळे विचारले गेले. परंतु कोल्हापुरात आमचा संसार कसा उभा राहिला हे सांगायचे तर ते एकाच प्रश्नाभोवती सांगावे लागेल. 'पाव्हणं कुठलं?' हा तो प्रश्न. कोल्हापुरात तो आपुलकीनेच विचारतात आणि विचारता विचारता चहाही पुढे करतात. त्यात वाईट काही नाही. मात्र त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'आडनाव काय म्हणालात?' आणि तिथे आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

गेल्या जून महिन्यात हे दोन्ही प्रश्न आमच्याच तोंडून बाहेर पडले. त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहोत. ती हकीकत शेवटी सांगू. आधी सुरुवातीपासून सांगतो.

आम्ही मूळचे नांदेड जिल्ह्यातले, कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातले. लग्नाला वर्ष होत होते, तेवढ्यात आमच्यातल्या एकाला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली थेट कोल्हापूरला. साल १९९२, महिना जूनचा. कंधारहून लातूर, लातूरहून सोलापूर, तिथून सांगोला आणि मिरज करीत आम्ही एस.टी.ने कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. बरोबर एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी, वातीचा स्टोव्ह, पायलीभर ज्वारीचे पीठ आणि येसराची पुरचुंडी. ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या पातळात गुंडाळलेली तसबीर होती. एका चौकटीत तथागत आणि बाबासाहेब. ती आईने दिली होती. "घर मांडशील तेव्हा आधी ही लाव, मग चूल पेटव," असे तिने बजावून सांगितले होते.

कोल्हापूरला येताना आमच्या मनात भीती कमी आणि उमेद जास्त होती. कारण हे शाहू महाराजांचे गाव. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या समाजासाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा राजा इथलाच. माणगावची परिषद याच जिल्ह्यातली. अशा गावात आपल्याला खोली मिळायला काय अडचण, असा आमचा भाबडा समज होता.

पहिले चार दिवस स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये काढले. कचेरी सुटली की आम्ही दोघे पावसातून खोली शोधत फिरत असू. शाहूपुरी झाली, लक्ष्मीपुरी झाली, राजारामपुरीच्या गल्ल्या झाल्या. एका घरी खोली पाहून झाली, भाडे ठरले, आणि निघता निघता गाव नि आडनाव विचारले. आम्ही सरळ सांगितले, समाजही सांगितला. मालक हसत म्हणाले, "उद्या कळवतो." दुसऱ्या दिवशी गेलो तर खोली भाच्यासाठी ठेवल्याचे कळले. दुसऱ्या घरी पाहुणे यायचे होते. तिसऱ्या घरी तर दारातूनच, "खोली कालच गेली." खोलीला बाहेरून कुलूप होते आणि 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती.

कुणी शिवी दिली नाही, कुणी अपमानाचा एक शब्द उच्चारला नाही. सगळे गोड बोलले. आमच्या गावाकडे माणूस तोंडावर बोलून मोकळा होतो, इथे चहा पाजून नाही म्हणतात, एवढाच फरक आम्हाला दिसला.

पाचव्या दिवशी जुन्या पेठेतल्या एका वाड्यात खोली असल्याचे कळले. वाड्याची मालकीण पन्नाशीची विधवा बाई. सगळा वाडा तिला आक्का म्हणे. तिने विचारले, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" आम्ही म्हणालो, "नांदेडकडचे." "आडनाव?" आम्ही आडनाव सांगितले. आता आमचे आडनाव असे आहे की ते आपल्यातही असते आणि मराठ्यांतही असते. ते ऐकताच आक्काचा चेहरा उजळला. "आमच्यातलंच की मग! आधी न्हाई सांगायचं? या, आत या, च्या घ्या."

वाचक बंधू-भगिनींनो, त्या क्षणी आम्ही काही बोललो नाही. खोटे बोललो नाही हे खरे, पण खरेही बोललो नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, लॉजचे पैसे संपत आले होते. एकाने दुसऱ्याकडे पाहिले आणि दोघांनीही माना खाली घातल्या. तीनशे रुपये भाडे, तीन हजार अनामत. दोन खोल्या, वर कौले, मागे सामाईक नळ. त्या रात्री चूल पेटली, पण तसबीर ट्रंकेतच राहिली.

त्यानंतर दीड वर्ष ती तिथेच होती.

तो काळ सगळाच वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. शहर हळूहळू अंगवळणी पडत होते. पहिला धडा दिला तो पावसाने. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. कोल्हापुरात तो येतो तो मुक्कामालाच येतो. आठ-आठ दिवस कपडे वाळत नसत. आक्काने शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर कपडे वाळवायची युक्ती शिकवली. दुसरा धडा दुधाचा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध ग्लासातून देतात, हे आम्हाला नवल वाटे. महिन्याच्या एक तारखेला आम्ही दोघे एक ग्लास घेऊन अर्धा अर्धा पीत असू.

बोलीचीही गंमत होती. वाड्यातल्या बायका "मी आलो", "मी जातो", "मी जेवलो" असे पुरुषासारखे बोलत. आमच्यातली ती आधी तोंडाला पदर लावून हसे. पुढे वर्षभरात तीच "मी जाऊन आलो" म्हणू लागली आणि गावी गेल्यावर सासूने कपाळाला हात लावला. आमच्या 'लेकरू'ला त्या हसत, आम्ही त्यांच्या 'ये की बस की'ला हसत असू. रविवारी रंकाळ्याच्या काठाने चालत जाणे ही आमची चैन होती. रेशनकार्ड बदलून घ्यायला तीन महिने लागले. ते हातात पडले तेव्हा वाटले, आता आपण इथले झालो. परंतु कार्डावरचे नाव आणि वाड्यातले नाव एकच असूनही त्यांचे अर्थ दोन होते.

ती शिवणकाम शिकलेली होती. नांदेडला सहा महिन्यांचा वर्ग केला होता. पहिल्या दिवाळीच्या अग्रिम रकमेतून जुने पायमशीन घेतले. मग वाड्यातल्या नि शेजारच्या गल्लीतल्या बायका झंपर शिवायला येऊ लागल्या. काम चोख होते, शिलाई वाजवी होती. प्रत्येकीचे माप एका वहीत नीट लिहून ठेवायची सवय होती. माप घ्यायचे म्हणजे खांद्याला, दंडाला, कमरेला टेप लावावा लागतो, अंगाला हात लागतो. प्रत्येक वेळी मनात एकच विचार येई, हिला कळले तर ही उद्या येईल का? बाई समोर हसून बोलत असे आणि माप घेणारीच्या हाताला घाम सुटत असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही ती गेली. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते.

आम्ही आमची समजूत घालीत होतो. आम्ही म्हणत होतो, बाबासाहेबांनाही हे करावे लागले होते. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा कुणी जागा देईना. पारशी नाव घेऊन त्यांना पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले. एवढ्या विद्वानाची ही गत, तिथे आमच्यासारख्या कारकुनाने काय करावे? ही समजूत सोयीची होती. तिच्या आधाराने आमचे दिवस निघत होते.

त्या समजुतीला पहिला तडा गेला १४ एप्रिल १९९३ रोजी. आक्काला "रंकाळ्यावर जाऊन येतो" असे सांगून आम्ही पहाटेच निघालो आणि बिंदू चौकात गेलो. तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते उभे राहिले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. चौकात माणसे येत होती. लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, हातात मेणबत्त्या. सगळ्यांची तोंडे मोकळी होती, सगळे एकमेकांना मोठ्याने जयभीम घालत होते. आम्ही मात्र कोणी ओळखीचे दिसते का म्हणून इकडे तिकडे पाहत होतो.

परत येताना आमच्यातला एकजण म्हणाला, "हे भर चौकात त्रेचाळीस वर्षे उभे आहेत आणि आपण त्यांना ट्रंकेत ठेवले आहे." त्यावर दुसरीने काही उत्तर दिले नाही. आणखी एक गोष्ट मनात आली. बडोद्यात नाव लपवावे लागले, हे जगाला कुणी सांगितले? बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांनी झाले ते उघड्यावर मांडले. आम्ही जे लपवले ते लपवतच चाललो होतो. त्यांच्या नावाचा आधार घेण्याचा आम्हाला काय अधिकार?

त्याच वर्षी शाहू जयंतीला, २६ जूनला, एका व्याख्यानात गंगाराम कांबळे यांची गोष्ट पुन्हा ऐकली. लहानपणी ऐकली होती, पण तेव्हा कळली नव्हती. महाराजांनी भांडवल देऊन गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याचे हॉटेल म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून सर्वांसमक्ष चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. आता विचार करा. महाराजांना गंगारामांना सांगता आले असते की दुसरे नाव लाव, दुसऱ्या गल्लीत जा, कुणाला कळू देऊ नकोस. धंदा चालला असता. पण मग लोकांचा विटाळ तसाच राहिला असता आणि गंगारामांची भीतीही तशीच राहिली असती.

आणि राहायच्या जागेचा प्रश्न तरी नवा कुठे होता? शाळेत नाव घातले तरी बाहेरगावच्या पोराला डोके टेकायला जागा मिळत नाही, हे शाहू महाराजांनी शतकाच्या सुरुवातीलाच ओळखले होते. म्हणून त्यांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढायला मदत केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. जो राजा शिक्षणाच्या आधी खोलीचा विचार करतो, त्याला शहर म्हणजे काय ते कळले होते. त्याच शहरात ऐंशी-नव्वद वर्षांनी आम्ही खोलीसाठी तोंड बंद ठेवून बसलो होतो.

मग आला १४ जानेवारी १९९४.

मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला हा दिवस काय आहे ते सांगावे लागत नाही. इकडच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्याकडे वस्त्या पेटल्या. आमच्यातला एक तेव्हा बारा वर्षांचा होता, दुसरी आठ वर्षांची. आमच्या नांदेड जिल्ह्यातच टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांनी पोरांना घेऊन दोन रात्री शेतात काढल्या. पोर रडू नये म्हणून आईने तोंडात पदराचा बोळा धरला होता, तो वास अजून आठवतो. आम्ही आक्कापुढे गप्प का बसलो, याचे एक कारण त्या रात्रीत आहे. एकदा ज्याने आपल्या माणसांची घरे जळताना पाहिली, त्याला नाव सांगताना आधी दार कुठे आहे ते पाहायची सवय लागते.

साडेपंधरा वर्षांनी नामविस्तार झाला. रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा आम्ही दोघे खोलीत होतो. आवाज बारीक केला होता. ऐकून आम्ही रडलो, तेही आवाज न करता. मग एकाएकी आपलीच लाज वाटली. एवढी माणसे उघड्यावर मेली आणि आपण आनंदसुद्धा दार लावून करतो आहोत!

एकाने चपला घातल्या, बाजारात गेला आणि अर्धा किलो पेढे घेऊन आला. दुसरीने ट्रंक उघडून तसबीर काढली, पदराने पुसली आणि समोरच्या भिंतीवर, दारातून दिसेल अशी लावली. त्या दिवशी संक्रांत होती. वाड्यात तिळगुळाची देवघेव चालली होती. आम्ही पेढे घेऊन प्रत्येक दारात गेलो. सगळ्यात आधी आक्काकडे.

"पेढे कशाचे गं? काय गोड बातमी हाय काय?" आक्काने हसून विचारले.

"आमच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, आक्का. आम्ही बौद्ध आहोत."

आक्काच्या तळहातावर पेढा होता. तिने तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. मूठ मिटली आणि ती आत निघून गेली.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. नळावर आम्ही गेलो की बोलणे थांबे. झंपर शिवायला येणाऱ्या बायकांपैकी दोघी सोडून बाकीच्या यायच्या बंद झाल्या. एकीने तर शिवलेला कपडाही पोराकरवी मागवून घेतला. महिनाभराने आक्का म्हणाली, "पोराचं लगीन ठरायलंय, खोली लागंल." आम्ही भांडलो नाही. अनामत तिने पैसा न कापता परत दिली, हेही सांगितले पाहिजे.

निघायच्या दिवशी मात्र ती दारात येऊन उभी राहिली. तसबिरीच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत म्हणाली, "पोरी, आधी सांगायचं हुतंस. मला अंधारात ठेवलंस." आमच्यातली ती म्हणाली, "सांगितलं असतं तर खोली दिली असती का, आक्का?" आक्का काही बोलली नाही. तिच्या तक्रारीत खरेपणा होता आणि आमच्या प्रश्नातही. दोन्ही खरे एकमेकांसमोर उभे राहिले आणि टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

त्यानंतर सिद्धार्थनगरात आपल्याच माणसांच्या ओळखीने एक खोली मिळाली. वाड्याहून लहान, पत्र्याची. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज एवढा की बोललेले ऐकू येत नसे. पण आईने सांगितले होते तसे झाले. आधी तसबीर लागली, मग चूल पेटली. त्या रात्री आम्ही दीड वर्षांत पहिल्यांदा दार उघडे ठेवून जेवलो. नोकरी तीच होती, मशीन तेच होते, गावही तेच होते. तरी कोल्हापुरात आमचा संसार त्या दिवशी सुरू झाला, असे आम्ही आजही मानतो. पुढच्या मार्चमध्ये माणगावला जाऊन आलो. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी जिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजापुढे उभे करून 'हा तुमचा पुढारी' असे सांगितले, त्या जागेवर मुलीला पहिल्यांदा मांडीवरून खाली ठेवले. ती तेव्हा दोन महिन्यांची होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आक्काचा हिशेब पुरा होत नाही. तीनेक वर्षांनी एका दुपारी ती आमचे घर शोधत आली. बरोबर तिची लेक होती, लग्न ठरलेली. दारातून तसबीर दिसत होती. आक्काने तिच्याकडे पाहिले, चपला काढल्या आणि आत येऊन बसली. म्हणाली, "हिला बारा झंपर शिवायचं हाईत. तुझ्यासारखा हात कुणाला न्हाई. माझं माप हाय न्हवं अजून वहीत?" माप होते. वही टाकली नव्हती. तिने चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. आमच्या बाबतीत चुकले असे ती म्हणाली नाही, आम्हीही काही काढले नाही. माणूस बदलतो तेव्हा तो सांगून बदलत नाही, असे आम्हाला वाटते.

पुढचे सगळे चारचौघांसारखेच. २००३ साली पाचगावच्या बाजूला दीड गुंठा जागा घेतली. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, सोसायटीचे कर्ज काढले, दागिने होते ते मोडले. पाया काढताना गवंड्याने विचारले, "वास्तुशांत कवा?" आम्ही सांगितले, त्रिसरण-पंचशील होईल आणि जेवण होईल. तो म्हणाला, "जेवान हाय न्हवं, मग झालं." खालचे घर झाले, दहा वर्षांनी वर एक खोली झाली. मुलगी शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. मुलगा इथेच आहे. ज्याची नोकरी होती तो आता निवृत्त झाला आहे. मशीन अजून चालू आहे.

मुलगी पुण्यात जागा शोधत होती तेव्हा एका रात्री तिचा फोन आला. "बाबा, आता मोबाईलवरच खोल्या दिसतात, फोटोसकट. सगळं ठरतं. आणि शेवटी तेच विचारतात. फक्त आता म्हणतात, 'पूर्ण नाव पाठवा.' पाठवलं की उत्तर येत नाही." तिने आमच्यासारखे काही लपवले नाही. तिला चार आठवडे जास्त लागले, पण तिच्या खोलीत तसबीर पहिल्या दिवसापासून भिंतीवर आहे. आम्हाला तिचा अभिमान वाटला आणि मनातून वाईटही वाटले. बत्तीस-तेहेतीस वर्षांत प्रश्न तिथेच आहे, फक्त पाटी बदलली.

आणि आता ती जूनची हकीकत.

वरची खोली रिकामी झाली होती. एका संध्याकाळी पावसात भिजत एक तरुण जोडपे आले. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागला होता. मुलीच्या काखेत वर्षाचे लेकरू होते, पायाशी पत्र्याची पेटी. आम्ही त्यांना आत बोलावले, टॉवेल दिला आणि सवयीने विचारले, "पाव्हणं कुठलं?" त्याने गावाचे नाव सांगितले. आणि मग, कोण बोलले हे महत्त्वाचे नाही, पण आमच्यातल्याच एकाने विचारले, "आडनाव काय म्हणालात?"

मुलगा थांबला. त्याने बायकोकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

तो थांबणे आम्ही ओळखले. ते आमचेच होते. १९९२ च्या जूनमध्ये, आक्काच्या सोप्यात, असेच दोघे उभे होते. लपवत नाही, क्षणभर आमच्या मनात हिशेबही सुरू झाला होता. हे कोण असतील? शेजारी काय म्हणतील? वर मटणबिटण, आवाज, येणारेजाणारे? आक्काच्या मनात जे आले असेल तेच आमच्या मनात येत होते. आणि हे सगळे आम्ही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून करीत होतो.

आमच्यातली ती उठली. म्हणाली, "राहू दे बाळा, आडनाव. ते करारनाम्याला लागेल तेव्हा लिहू. आधी खोली बघ. लेकराला गार लागतंय." तिने ते लेकरू उचलून घेतले आणि जिना चढू लागली.

आडनाव पुढे कागदावर आले. त्यावरून आम्हाला काही कळले नाही आणि आम्ही विचारले नाही. ते आमच्यातले आहेत, त्यांच्यातले आहेत की आणखी कुणातले, आजही ठाऊक नाही. लेकरू मात्र दिवसभर खालीच असते. मशीनच्या पायट्यावर बसायचा त्याला छंद लागला आहे.

आपल्या पिढीतल्या पुष्कळ माणसांनी शहरांत घरे बांधली. कुणी कोल्हापुरात, कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात. कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन बांधली. त्या घरांवर आता वरची एखादी खोली आहे, मागे एखादी जोडखोली आहे. ती भाड्याने द्यायची वेळ येते. आपल्याला खोली नाकारणाऱ्यांची आठवण आपण पोराबाळांना सांगतो, सभेत सांगतो, ती सांगितलीच पाहिजे. पण आपल्या दारात कुणी पेटी घेऊन उभे राहते तेव्हा आपण काय विचारतो, हेही एकदा आठवून पाहावे. आपल्याहून दुबळा, आपल्याहून वेगळा, पालातून आलेला, परप्रांतातून आलेला, दुसऱ्या धर्माचा कुणी असेल, तर आपल्या तोंडून 'खोली कालच गेली' हे वाक्य येत नाही ना?

विचारायचेच असेल तर विचारण्यासारखे पुष्कळ आहे. माणसे किती, काम कुठे, भाडे वेळेवर जमेल ना, पाणी सकाळी सहाला येते ते चालेल ना. आणि 'पाव्हणं कुठलं?' हेही जरूर विचारावे. तो चांगला प्रश्न आहे. त्याच्या पाठोपाठ फक्त चहा यावा.

जयभीम.